राउटरजवळ २८०, माजघरात ६: दगडी घरातलं वायफाय दर उन्हाळ्यात का बसतं

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातलं घर, दौलतगंज, जीवाजीगंज किंवा चिटणीस की गोठेतलं. ३०० एमबीपीएसचं फायबर, राउटर बाहेरच्या बैठकीत, आणि तिथे फोनवर २८० दिसतात. चौक ओलांडून माजघरात गेलं की ६ नाहीतर ८. त्यामागच्या कोठीत तर वायफायचं चिन्हच गळून पडतं. कंपनीचा माणूस येतो, बैठकीत उभा राहून टेस्ट करतो, 'लाइन ठीक आहे' म्हणून निघून जातो. लाइन खरंच ठीक असते. हिवाळ्यात कसंबसं निभतं आणि एप्रिल सरता सरता पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. मग कुणीतरी सहा अँटेनांचा राउटर सुचवतं. तो आणण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्या. बहुतेक घरांत तो राउटर आणूनही माजघरातला आकडा हलत नाही.

आधी दोष लाइनचा की हवेचा

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि वायफाय बंद करून स्पीड पाहा. प्लॅन ३०० चा आणि आकडा ९३ ते ९५ वर अडकलेला, असं दिसलं तर वायफायकडे वळूच नका. दोष पोर्टचा किंवा केबलचा आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि त्यातले ९४ च हाती येतात. काही स्वस्त राउटरांचे पोर्टच १०० चे असतात, तिथे केबल बदलूनही उपयोग नाही.

केबलवर पूर्ण स्पीड आला तर लॅपटॉप घेऊन माजघरात बसा आणि कमांड प्रॉम्प्टमधून राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. १ ते ५ मिलिसेकंद सलग आले तर हवा स्वच्छ आहे. मध्येच १५०, ३०० अशा उड्या आणि 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं तर दुखणं तुमच्या भिंतींमध्ये आहे. राउटरचा पिंग सपाट आणि ८.८.८.८ चा, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरचा, मात्र उड्या मारतोय, अशा वेळीच कंपनीला फोन करावा.

तिसरं माप सिग्नलचं, आणि ते दांड्यांत मोजू नका, डीबीएममध्ये मोजा. हे सिग्नलच्या जोराचं माप: आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोनवरच्या दोन दांड्या एका कंपनीच्या मॉडेलवर −६५ असतात, दुसऱ्याच्या −७५. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप चालेल. आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तिचा स्कॅनर चालू करा, एरवी तो दिसत नाही. विंडोजवर 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) ही कमांड सिग्नल टक्क्यांत दाखवते. त्या टक्क्यांचं अर्धं करून १०० वजा करा: ६० टक्के म्हणजे −७०. कागदावर घराचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक खोलीत, दार उघडं असताना आणि बंद असताना, दोन्ही आकडे लिहा. −५५ च्या आत असेल तर उत्तम. −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल धड चालतो. −७५ च्या पलीकडे मेसेज जातात, बाकी नशीब.

खोक्यावरचा आकडा

'एएक्स ३०००' म्हणजे ३००० एमबीपीएस नव्हे. २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची ती बेरीज आहे, आणि फोन साधारणपणे एका वेळी यातल्या एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, असतो. २४०२ मिळवायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो. बरेच फोन ८० वर थांबतात, म्हणजे १२०१. हासुद्धा जोडणीचा दर झाला, फाइल उतरण्याचा नव्हे. हवेत एका वेळी एकच जण बोलू शकतो. प्रत्येक पाकिटाला पोच द्यावी लागते आणि बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकावं लागतं. त्यामुळे समोर बसूनही जोडणीच्या दराच्या अर्धे ते दोन तृतीयांश हाती आले तर सगळं ठीक चाललंय असं समजावं. १२०१ चे ६०० ते ८०० झाले तर तो दोष नाही.

२.४ वर फरक याहून मोठा. जुन्या 'एसी १२००' राउटरवर लिहिलेले ३०० हे ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे. ज्या गल्लीत स्कॅन केल्यावर पंचवीस नावं दिसतात तिथे ती रुंदी मिळत नाही. २० मेगाहर्ट्झवर दर १४४ वर येतो आणि प्रत्यक्षात ६०-८० पडतात, तेही शेजारी गप्प असतील तर.

आता पल्ला. राउटरने किती जोरात बोलावं याला सरकारी मर्यादा आहे. अँटेना दोन असोत की सहा, ती मर्यादा हलत नाही. शिवाय फोनमध्ये अँटेना दोनच. आणि मुळात हे संभाषण दुतर्फा आहे: गच्चीवरून भोंगा लावून हाक मारली तरी खालच्याचं साध्या आवाजातलं उत्तर वर ऐकू यायला हवं. राउटर २० डीबीएमने, म्हणजे १०० मिलिवॉटने बोलत असेल, तर फोन बहुधा १५ च्या आसपास असतो. दांड्या दिसतात पण पान उघडत नाही, त्याचं कारण बरेचदा इथेच सापडतं.

भिंत: एकदा हिशेब करून पाहा

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने घटतो. पहिल्याच मीटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ४० डीबी जातात, ५ गिगाहर्ट्झला ४७. राउटर २० डीबीएमचा धरा. ५ गिगाहर्ट्झवर १ मीटरला −२७, ८ मीटरला −४५. मध्ये भिंत नसती तर ८ मीटर म्हणजे काहीच नाही.

मध्ये दोन भिंती आहेत. लष्करच्या जुन्या घरांत ही भिंत वालुकाश्माची, चुन्यात बांधलेली, दीड-दोन फूट जाड. साडेचार इंची विटेच्या भिंतीत मोजके डीबी जातात, हिच्यात त्याच्या कितीतरी पट. नेमके किती ते तुमच्याच भिंतीला विचारा. दार लावून भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, राउटरच्या सरळ रेषेत, आकडा घ्या. फरक म्हणजे त्या भिंतीची किंमत. समजा ५ गिगाहर्ट्झला प्रत्येकी १५ आले. तर −४५ चे माजघरात −७५ झाले. फोनचा आवाज ५ डीबीने दबका, म्हणजे उलट दिशेने राउटरला पोचतात −८०. वायफाय ५, म्हणजे 'एसी' राउटरांच्या, मानकात ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर सर्वांत हळू दरालासुद्धा −७६ ची किमान अपेक्षा आहे, आणि सर्वांत वेगवान दराला −५१ ची. चांगली चिप या किमानाहून थोडी पुढे जाते, पण −८० वर ती धापाच टाकते. फोनला राउटर ऐकू येतोय, राउटरला फोन नाही. म्हणून दांड्या आहेत आणि इंटरनेट नाही.

तोच हिशेब २.४ वर केला, भिंतीचे १०-१० धरले, तर −५८ येतात. म्हणून फोन स्वतःच २.४ वर उडी मारतो आणि शेजारच्या पंचवीस नावांच्या गर्दीत जाऊन बसतो. तुमचे ६ एमबीपीएस इथून येतात.

तिरकस जाणारी वाट आणखी महाग पडते. ४५ अंशांच्या कोनात २४ इंची भिंत सिग्नलसाठी ३४ इंची होते. राउटर बैठकीच्या कोपऱ्यातून भिंतीच्या मध्यावर, दारासमोर आणला तर कधीकधी फुकटात ८-१० डीबी हाती लागतात.

मग उन्हाळ्यातच का

या घरांत सिग्नल भिंतीतून फारसा आत जात नाही. तो मुख्यतः बैठकीच्या दारातून ओसरीत येतो, तिथून चौकात, आणि चौकातून माजघराच्या खिडकीत. हिवाळ्यात ही वाट मोकळी असते म्हणून निभतं.

मे महिन्यात त्या खिडकीत काय असतं? कूलर. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना पाण्याने निथळणारी खसाची किंवा लाकडी भुश्शाची टट्टी, खाली पाण्याची टाकी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषून घेतं. वायफायसाठी याहून पक्की आडकाठी ठरवून बांधायची म्हटली तरी जमणार नाही. लू लागू नये म्हणून दारंही अकरा वाजल्यापासून बंद. एकच मोठी वाट होती, तीही बुजली. खात्री करायची असेल तर कूलर लावण्याआधी आणि लावल्यावर त्याच जागी उभं राहून आकडा घ्या. जून-जुलैत कूलर निघाला की 'आपोआप दुरुस्त' होणाऱ्या वायफायचं कोडं इथेच सुटतं.

खिडकीवरची डासांची जाळीही तपासा. नायलॉनची असेल तर हरकत नाही. बारीक स्टीलची असेल तर ती पत्र्यासारखीच वागते. चौकावरच्या लोखंडी जालाची गोष्ट थोडी वेगळी: २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची साधारण साडेपाच. जालाची भोकं सहा-सात सेंटिमीटरहून मोठी असतील तर दोन्ही बऱ्यापैकी पार होतात, त्याहून लहान असतील तर २.४ आधी अडतं. जालावर टिनाचा पत्रा टाकला असेल तर वरच्या मजल्याची वाट बंद. प्लास्टिकच्या पत्र्याने फार बिघडत नाही.

दुसरं कारण उष्णतेचं. घरगुती राउटर साधारणपणे ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. ग्वाल्हेरचा मे ४५ ओलांडतो, आणि दगडी पटियांच्या छताखालची वरची खोली रात्री नऊपर्यंत धग सोडत राहते. राउटर तिथे, तोही कपाटात किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेला असेल, तर दुपारी तो मंदावतो नाहीतर स्वतःच बंद-चालू होतो. राउटरच्या पानावर 'अपटाइम' पाहा. रोज दुपारी तो शून्यावर येत असेल तर उष्णता किंवा अडॅप्टर. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट १ अँपिअरचा लावला तर रिकाम्या घरात चालेल, संध्याकाळी सगळे घरी आले की कोलमडेल.

लाइट गेल्याचाही एक खोडसाळ परिणाम आहे. ५ गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटर त्यांच्यावर सुरू होताना निदान ६० सेकंद नुसतं ऐकतो, बोलत नाही. तोवर सगळे फोन २.४ वर गेलेले असतात आणि काही तिथेच मुक्काम ठोकतात. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर टाका आणि चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये ठेवा.

सेटिंग, थोडक्यात

२.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११. 'मधला मोकळा दिसतोय' म्हणून ३ किंवा ९ घेऊ नका. तिथे दोन्ही बाजूंचा गोंगाट लागतो आणि कुणाशी पाळीही लागत नाही. ५ वर ८० मेगाहर्ट्झ ठेवा, पण आतली खोली काठावर असेल तर ४० करून पाहा. रुंदी निम्मी केली की ३ डीबी परत मिळतात, आणि काठावर ३ डीबी पुष्कळ. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३. 'टीकेआयपी' निवडलेलं राहिलं तर अख्खी जोडणी ५४ च्या वर जात नाही, 'डब्ल्यूएमएम' नावाची सेटिंग बंद असली तरीही तसंच. जुन्या राउटरांत हे दोन दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत.

लांबचा एक कॅमेरा सगळ्यांना कसा हळू करतो तेही लक्षात घ्या. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची जोडणी ६ एमबीपीएसची आणि चित्र २ एमबीपीएसचं असेल, तर २.४ वरचा एक तृतीयांशाहून जास्त वेळ तो एकटा खातो. त्याला केबल द्या किंवा जवळ आणा.

खरा उपाय: चौकापलीकडे दुसरा वायफाय पॉइंट, केबलवर

रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, लोक नेमका तिथे लावतात जिथे सिग्नल नाही. तिथे तो काय रिपीट करणार? तो −६० ते −६५ असलेल्या जागी, म्हणजे ओसरीत लागतो. एकाच रेडिओचा असेल तर तीच गोष्ट दोनदा बोलावी लागते आणि स्पीड निम्मा होतो. तीन डब्यांचं मेश हेच काम नेटकेपणाने करतं, पण त्याचे डबेही एकमेकांशी त्याच दगडातून बोलणार. दगडी घरात केबलला पर्याय नाही, आणि ती मेशपेक्षा स्वस्तही पडते.

केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार बाजारात सर्रास मिळते. ती वजनाला हलकी असते आणि टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते. ती घेऊ नका. कमाल लांबी १०० मीटर, घरात २०-२५ पुरतात. चौकातून जाणारा भाग उन्हाला टिकणारं काळं आवरण असलेला हवा, आणि माकडं फिरतात तिथे पीव्हीसी पाइपातून न्या. दोन फुटी दगडाला भोक पाडण्याच्या फंदात पडू नका. रोशनदान किंवा दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा पुरतो. लाइटच्या वायरच्या पाइपात ही केबल घालायची नाही. शेजारून न्यायची असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ कनेक्टरजवळ अर्ध्या इंचाहून जास्त उसवू नका.

पलीकडे जुना राउटरही चालतो. तो आधी एकटा लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये नाही. त्यात 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर हे सगळं तोच करतो आणि पोर्टही तोच सांगतो. डीएचसीपी बंद करायचं राहिलं की पहिल्या दिवशी सगळं छान चालतं. दुसऱ्या दिवशी काही फोनना पत्ता नव्या डब्याकडून मिळतो, त्या डब्याला बाहेरची वाट ठाऊक नसते, आणि 'कनेक्टेड, नो इंटरनेट' सुरू होतं. कधी या फोनवर, कधी त्या. 'वायफाय मध्येच जातं' या तक्रारीत हे फार वेळा निघतं.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अक्षरशः सारखा, चॅनेल मात्र वेगळे: बैठकीत १ आणि ३६, माजघरात ११ आणि १४९. आणि बैठकीतल्या राउटरचा जोर 'हाय' वरून 'मीडियम' करा. ही गोष्ट लोकांना पटत नाही. पण दुसरा पॉइंट कधी शोधायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. आयफोन −७० च्या खाली गेल्यावरच शोधाशोध सुरू करतो. पहिला राउटर आतपर्यंत −६८ देत राहिला तर फोन त्यालाच चिकटून राहणार, नवा डबा डोक्यावर टांगलेला असला तरी.

छताला लावायचा गोल पॉइंट घेतला असेल तर तो छतालाच लावा. त्याचा सिग्नल खाली आणि बाजूंना पसरतो. तोच भिंतीवर लावला तर बराच भाग समोरच्या दगडावर वाया जातो. उभ्या अँटेना आडव्या पातळीत पसरतात, त्यामुळे वरच्या मजल्यासाठी एखादी आडवी करून पाहा. लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा टीव्ही यांच्या मागे काहीच ठेवू नका. केबलमधूनच वीज देणार असाल तर डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा: '८०२.३एएफ' चा पॉइंट ४८ व्होल्टवर चालतो, काही स्वस्त पॉइंट २४ व्होल्टच्या साध्या इंजेक्टरवर. एकाचा इंजेक्टर दुसऱ्याला लावला तर एक तर चालणार नाही किंवा जळेल.

हे झालं की नकाशाचा तोच कागद काढा आणि आकडे पुन्हा घ्या: दारं बंद, कूलर पाणी भरून चालू, दुपारी तीनची वेळ. माजघरात ५ गिगाहर्ट्झवर −५५ च्या आसपास आणि राउटरचा पिंग ५ मिलिसेकंदांच्या आत यायला हवा. कोठीत −७२ राहिले तर राहू द्या, तिथे गहू-तांदूळच असतात.